गव्हाणीपुढच्या गाड्या

माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या डाव्या खणात एक छोटी वही आहे. तळहातात मावेल एवढी, जाड ड्रॉइंग पेपरची, कडेला पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. वहीवर नाव नाही, आत एक अक्षर नाही. पानं थोडी वाकवून अंगठ्याखालून एकेक सोडत गेलं की आतलं चित्र हलायला लागतं. उसाने भरलेल्या बैलगाड्या येतात, साखर कारखान्याच्या फाटकासमोर थांबतात, मागून आणखी येतात, रांग रस्त्यावर जाते, वळण घेऊन गावात शिरते. फाटक बंदच. आत ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडलेली, चिमणीला धूर नाही. शेवटच्या पंधरा-वीस पानांत फाटकाशी एक माणूस येतो, फाटक ढकलतो, पहिली गाडी आत जाते आणि चिमणीतून पेन्सिलीची एक बारीक रेघ वर निघते.

ही वही करणारे सर माझे रुग्ण. एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना आमच्या भागातून बसलेली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून गेली. मधुमेहाबद्दल मी आज रुग्णांशी ज्या रीतीने बोलतो, ती रीत मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. ती सरांकडून आली. त्याबद्दल आजवर कधी सविस्तर लिहिलं नाही, ते आता लिहितो आहे.

मी १९८९ मध्ये कृष्णाकाठी उसाच्या पट्ट्यात दवाखाना सुरू केला. मधुमेहाचा रुग्ण आला की मी त्याला समजावायचो. मनापासून समजावायचो. स्वादुपिंड कुठे असतं, इन्सुलिन काय करतं, पेशीला कुलूप असतं आणि इन्सुलिन ही त्याची किल्ली, असं सगळं. समोरचा माणूस मान हलवायचा. मान हलली म्हणजे कळलं, असं मी धरून चालायचो. पुढच्या महिन्यात तोच माणूस गोळ्या बंद करून यायचा, मग मी चिडायचो. असं जवळजवळ नऊ वर्षं चाललं.

सर आले ते १९९८ च्या पावसाळ्यात. लिनोकट करताना पातं बोटाला लागलं होतं आणि तीन आठवडे झाले तरी जखम भरत नव्हती. रात्री चार-चारदा उठावं लागत होतं, तहान भागत नव्हती. माणूस मूळचा काटक, त्यात सहा-सात किलो वजन उतरलेलं. तेव्हा छोट्या दवाखान्यांत लघवीची तपासणी बेनेडिक्टच्या द्रावणाने व्हायची. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी उकळायची. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि खूप असेल तर विटकरी. सरांची नळी माझ्या हातात होती आणि ते खुर्चीतून उठून स्पिरिटच्या दिव्यापाशी येऊन उभे राहिले. डोळ्यांदेखत निळ्याचा विटकरी झाला. स्वतःला आजार झाला आहे हे ते क्षणभर विसरले असावेत. म्हणाले, "डॉक्टर, पुन्हा एकदा करून दाखवाल?"

मी दाखवलं. त्याचा किती खोल परिणाम होणार आहे, हे तेव्हा मला कळलं नाही.

दोन महिन्यांत नळी निळी राहू लागली. सरांनी घरीच द्रावण आणून ठेवलं होतं, सकाळी उकळून बघायचे. नळी निळी, म्हणजे आजार गेला. त्यांनी गोळ्या थांबवल्या. रक्त तपासलं तेव्हा साखर २१० होती आणि मी नेहमीसारखा रागावलो. सर शांतपणे म्हणाले, "पण नळी तर निळसरच होती, डॉक्टर."

त्यांची चूक नव्हती. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मगच ती लघवीत उतरायला लागते, आणि हा उंबरठा माणसागणिक थोडा वरखाली असतो; सरांचा जरा वर असावा. त्याच्या खाली १६०, १७० असं कितीही दिवस राहिलं तरी नळी निळीच. मी हे सांगितल्यावर सर जरा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनीच त्याला रूप दिलं. "म्हणजे कोयनेच्या सांडव्यावरून पाणी पडायचं थांबलं, एवढंच मी बघत होतो. धरणात पाणी किती, ते मी बघितलंच नाही." मग म्हणाले, "मला धरण दाखवा."

मी पाठ्यपुस्तक उघडून पेशीची आकृती दाखवली. सरांनी चष्मा वर करून ती बराच वेळ पाहिली. "आकृती चांगली आहे. पण ही थांबलेली आहे. आधी काय झालं आणि पुढे काय होणार, ते हिच्यात नाही. तुमचा आजार तर सगळा आधी आणि पुढेच आहे ना?"

या वाक्यावर मी आजही विचार करतो. मधुमेह हा काळाचा आजार आहे. आज खाल्लेल्या लाडवाने उद्या काही होत नाही. दहा वर्षांनी मूत्रपिंड दमतं, पंधरा वर्षांनी पायाची जाणीव जाते, आणि मधली सगळी वर्षं दुखत नाही, खुपत नाही. जे दुखत नाही त्यासाठी रोज गोळी घ्या, असं आपण माणसाला सांगतो. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. नुकताच मधुमेह झालेले ५,१०२ रुग्ण, वीस वर्षांचं काम. साखर नेटाने आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार एक चतुर्थांशाने कमी होतात, हे त्यातून दिसलं. मी तो निबंध वाचला होता, अधोरेखित केला होता. पण वीस वर्षं एका माणसाच्या डोळ्यांसमोर उभी कशी करायची, हे त्या निबंधात नव्हतं. ते चित्रकलेच्या शिक्षकाला माहीत होतं.

आठ दिवसांनी सर ही वही घेऊन आले. मला त्यांनी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून कॅमेऱ्याने त्याची रोज थोडी थोडी छबी टिपली होती. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली आणि ती पाहूनच पैसे घालणारा माणूस तयार झाला. "रोप वाढतं हे कुणाला माहीत नव्हतं का, डॉक्टर? पण वाढताना कुणी पाहिलं नव्हतं."

वहीत कुलूप-किल्ली का नाही, असं मी विचारलं. सर म्हणाले, "आमच्याकडे दिवसा दाराला कुलूप कोण लावतं? कुलूप म्हणजे घरात कुणी नाही. फाटकाचं तसं नाही. फाटक इथल्या प्रत्येकाला माहीत आहे." खरंच होतं. आमच्याकडे गळीत हंगामात गाड्यांची रांग किती लांब जाते, बैल उपाशी उभे असतात, ऊस वाळून वजन घटतं, तिकडे आत गव्हाणीत मोळी पडत नाही म्हणून कारखाना बंद, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. रस्ता उसाने तुंबलेला आणि कारखाना उसावाचून उपाशी. मधुमेह नेमका हाच. रक्तात साखर तुंबलेली आणि पेशी उपाशी. "साखर एवढी वाढली म्हणता, मग अंगात ताकद का नाही?" हा प्रश्न मला नऊ वर्षं शेकडो जणांनी विचारला होता. त्या ९६ पानांत त्याचं उत्तर मिळालं. फाटकावर माणूसच नसेल तर तो पहिला प्रकार, माणूस आहे पण फाटकाच्या बिजागऱ्या गंजल्यात, तर तो दुसरा. चालणं म्हणजे बिजागऱ्यांना तेल. हे शेवटचं वाक्य माझं नव्हे, वही पाहणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याचं.

पुढे सरांना नादच लागला. निवृत्तीनंतर, २००४ च्या सुमारास, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने संगणक आणून दिला. हाताने काढलेली चित्रं स्कॅन करायची, रंग भरायचे, एकापुढे एक लावायची. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी बारा चित्रं, म्हणजे मिनिटाच्या फिल्मला सातशेवीस. सर ती सातशेवीस काढायचे. दवाखान्याच्या बाकासमोर मी टीव्ही बसवला आणि सीडी लावायला लागलो.

पहिली पूर्ण फिल्म चमच्याची होती. निरोगी माणसाच्या अंगातल्या सगळ्या, म्हणजे पाच लिटर रक्तात मिळून साधारण पाच ग्रॅम साखर असते. एक चहाचा चमचा. फिल्ममध्ये एक माणूस उभा, त्याच्या अंगात लाल नद्या, आणि शेजारी एकच चमचा. मग आकडा चढत जातो, चमचे वाढतात, २८० ला जवळजवळ तीन. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायची. एवढ्याशा साखरेसाठी शरीर इतकं काटेकोर असतं, हे कुणालाच वाटलं नव्हतं.

पण या फिल्मने एक घोटाळाही केला, आणि तो सांगायलाच हवा. सरांनी साखरेचे दाणे पांढरे, चौकोनी काढले होते. महिन्याभराने एक आजी आल्या, साखर तीनशेच्या वर. "डाक्टर, तुमच्या टीवीत बघितल्यापासनं साखर बंद केलीया. च्यात निस्ता गूळ घालती. आन् भाकरी काय ग्वाड असती व्हय?" त्यांनी फिल्म अगदी नीट पाहिली होती. फिल्मने जे दाखवलं तेच त्यांनी केलं होतं. मी सरांना सांगितलं तेव्हा ते त्या आजींच्या घरी गेले, चुलीपुढे बसून त्यांचं जेवण वहीत काढून आणलं. नव्या फिल्ममध्ये भाकरी, भात, गुळाचा खडा, बटाटा, साखर हे सगळे एकेका दारातून आत जातात आणि आतड्याशी पोचेपर्यंत त्यांचे सारखेच सोनेरी मणी होतात. भाताचे मणी लवकर सुटतात, उसळीबरोबर खाल्लेल्या भाकरीचे सावकाश. दोन ताटं शेजारी शेजारी. भाकरी सोडा असं कुठेच नाही, कारण ज्वारीची भाकरी सोडून आमची माणसं खाणार काय? ताटात डाळ-उसळ आणि पालेभाजीची जागा वाढते आणि भाताचा डोंगर खाली बसतो, एवढंच.

दुसरी चूक आम्ही दोघांनी मिळून केली. पायाला गँगरीन झालेलं दाखवणारी फिल्म केली. काळी पडत जाणारी बोटं सरांनी फार प्रभावी काढली होती. एक गवंडी ती पाहून न बोलता उठून गेला आणि नंतर आठ महिने आलाच नाही. आला तेव्हा तळव्याला जखम होती. "भ्या वाटलं, डाक्टर. म्हटलं तपासलं तर कापायचं सांगतील." मी ती सीडी त्याच दिवशी काढून टाकली. भीतीने माणूस औषधाकडे येत नाही, आजारापासून तोंड फिरवतो, हे मी त्या गवंड्याकडून शिकलो. त्याचा पाय वाचला. सरांनी त्या जागी दीड मिनिटाची दुसरी फिल्म केली. एक माणूस रात्री अंथरुणावर बसतो, जमिनीवर आरसा ठेवतो, तळवा त्याच्यावर धरतो, बोटांच्या बेचक्या बघतो, सकाळी चप्पल उलटी करून झटकतो. त्यात काहीच घडत नाही. पण आमच्या भागात आजही रात्री पाय पुसून आरशात तळवा बघणारी माणसं आहेत.

इन्सुलिनची सुई जेमतेम काही मिलिमीटर असते, त्वचेखालच्या चरबीपर्यंतच जाते, ही फिल्म छोटी होती आणि तिचं काम तिने केलं. पण एकाच जागी टोचत राहिल्याने पोटावर गाठी होतात, तिथून औषध नीट शोषलं जात नाही, हे बायकांना पटवणं मला जमत नव्हतं. सरांनी बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडून ठिपक्यांची रांगोळी काढली. रोज पुढचा ठिपका. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

सर हडकुळे होते, त्यामुळे "तुम्हाला कसा डायबेटिस?" असं त्यांना सगळे विचारायचे. मी त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो दाखवला होता. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ मध्ये आलेला. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून वेगळा असतो, हे एका फोटोत. सरांनी तो कापून भिंतीला लावला. म्हणाले, "बघा, त्यांनीसुद्धा दाखवलंच."

माझ्या मते सरांचं सगळ्यात मोठं काम मात्र टिकलीची फिल्म. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ही तपासणी समजावणं फार अवघड जायचं. तपासणीच्या आधी दोन दिवस कडक उपास करून यायची आमच्याकडे रीतच होती. रक्तातली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि चिकटलेली साखर पेशी मरेपर्यंत सुटत नाही. सरांनी लाल पेशी कुंकवाच्या टिकलीसारखी काढली. ती जन्मते, वाहत जाते. लग्नाच्या पंगतीतून जाते, दिवाळीतून, आजारपणातून, रोजच्या चहातून. प्रत्येक ठिकाणी एखादा सोनेरी मणी तिला चिकटतो. शेवटचे दोन दिवस उपासाचे, त्या दिवसांत एकही मणी चिकटत नाही. पण टिकली तर आधीच भरलेली. गुळाच्या चहावाल्या त्याच आजी टीव्हीसमोर उभ्या होत्या. त्यांनी फिल्म दोनदा पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हंजी ही टिकली समदं बघून ठेवती की." त्यानंतर त्या माझ्याशी कधी खोटं बोलल्या नाहीत. मीही त्यांना कधी रागावलो नाही. टिकली त्यांची होती, माझी नव्हती, आणि आकडा बघायला आम्ही दोघं एका बाजूला बसायचो.

आता जे लिहायचं आहे ते सोपं नाही.

२००९ च्या दिवाळीनंतर सर सकाळीच आले. डाव्या डोळ्यासमोर काजळीची जाळी हलते आहे, म्हणाले. मी त्याच दिवशी त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. डोळ्यात रक्तस्राव झालेला होता. दृष्टिपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, आणि हे काही त्या आठवड्यात झालेलं नव्हतं. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झालं त्याच वेळी आणि मग दरवर्षी, थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासायचा असतो. १९९८ मध्ये मी सरांना ते एकदा सांगितलं होतं. त्यानंतर अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यांना स्वच्छ दिसत होतं. माझ्यासाठी केसाएवढ्या रेघा काढत होते. त्यांच्या डोळ्यांना काही झालं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

परत येताना गाडीत मी माफी मागितली. सर खिडकीबाहेर बघत होते, उसाला तुरे आले होते. म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं, डॉक्टर. दाखवलं नव्हतं."

त्यात दोष देणं नव्हतं. ते कामाचं बोलत होते.

उजव्या डोळ्याला लेझर करून तो वाचला. डावा पुढे फारसा उपयोगाचा राहिला नाही. सरांनी मोठे कागद घेतले, जाड ब्रश घेतला आणि पाच महिने घालवून शेवटची फिल्म केली. पडद्याचे दोन भाग. डावीकडे तुरे आलेला उसाचा फड, वर आकाश, लख्ख. उजवीकडे डोळ्याचा पडदा, नारिंगी, त्यावर तांबड्या शिरा. फिल्म सुरू होते आणि उजवीकडे एक बारीक लाल ठिपका उमटतो. डावीकडे काही बदल नाही. ठिपके वाढतात, शिरा फुगतात, पिवळट डाग पडतात. डावीकडचा फड तसाच, एकेक तुरा मोजता येईल इतका स्पष्ट. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, त्याला वाटतं आता तरी डावीकडे काही दिसावं. अगदी शेवटच्या चार सेकंदांत आकाशात काजळी उतरते. मग फिल्म मागे फिरते, पहिल्या ठिपक्यापाशी थांबते, आणि तिथे दारावर नेत्रतज्ज्ञाची पाटी.

ही फिल्म पाहून त्याच दुपारी डोळे तपासायला गेलेली माणसं मला नावानिशी आठवतात. त्यात एक मी आहे. मला तेव्हा मधुमेह होऊन तीन वर्षं झाली होती आणि मीही स्वतःला फक्त सांगत आलो होतो.

सरांनी या कामाचा एक पैसा घेतला नाही. मी त्यांच्याकडून फी घ्यायचं पहिल्या वहीच्या दिवशीच सोडलं, पण दोन्हींची बरोबरी होत नाही हे मला माहीत आहे. आता त्या फिल्म दवाखान्यातल्या मुलींच्या मोबाइलवर असतात आणि त्या ऊसतोडीच्या टोळ्यांपर्यंत जातात. मराठवाड्यातून आलेल्या त्या माणसांना फाटक आणि गाड्या माझ्याहून जास्त कळतात. एक गोष्ट मात्र मी बदललेली नाही. फिल्म चालू असताना रुग्णाशेजारी कुणीतरी बसायचं. सर म्हणायचे, चित्र पाहून माणूस पहिला प्रश्न हळू आवाजात विचारतो, तो ऐकायला कान जवळ हवा.

सर आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत, मुलीकडे कोल्हापूरला असतात. दर तीन महिन्यांनी माझा एचबीएवनसीचा कागद घेऊन मी त्यांच्याकडे जातो, त्यांचा ते मला दाखवतात. मागच्या खेपेला ती वही मी बरोबर नेली होती, दोरा सैल झाला होता म्हणून. त्यांनी ती हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली नाही, कानाजवळ नेली. अंगठ्याखालून पानं सोडली, फर्रर आवाज झाला, आणि मध्येच त्यांनी थांबवलं. "एक पान दुमडलंय. फाटक उघडायच्या जरा आधीचं." मी वही उघडून पाहिलं. ८१ वं पान होतं. त्यांनी ते नखाने सरळ केलं आणि सुई-दोरा मागवला.